लेबल ग्राह्य धरावे

हे तुम्ही केलंत. वरच्या मजल्यावर, काचेच्या दारामागे बसणाऱ्या तुमच्या समितीनं. मुद्दाम केलंत असं कुणी म्हणत नाही. मुद्दाम करायला आधी त्या गोष्टीकडे बघावं लागतं, आणि तुम्ही बघितलंच नाहीत. तुम्ही एक वाक्य ठरवलंत आणि खाली पाठवून दिलंत. त्या वाक्यानं खाली काय झालं हे सांगायला माणूस वर आलं, तेव्हा तुमची दुसरी मीटिंग चालू होती. आता मात्र शेवटपर्यंत ऐकावं लागेल.

तुमच्या कारखान्यात तळमजल्यावर, मालाच्या लिफ्टला चिकटून एक खोली आहे. लिफ्ट हलली की तिथली टेबलं थरथरतात. बाहेरच्या तक्रारी सगळ्या तिथं येऊन पडतात. तिथं जी बाई बसते तिला सगळे तक्रारबाई म्हणतात, अगदी तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नाही. कुणी दारातून डोकावून "आज किती शिव्या खाल्ल्या?" विचारलं, तर "तुझ्या वाटणीच्या ठेवल्यात झाकून" म्हणणारी बाई आहे ती. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. तिचा विश्वास सीलवर, आणि सीलवरच्या दोघांच्या सह्यांवर.

इथं गुडघ्याचे सांधे पॅक होतात. घडतात दुसरीकडे, इथं येऊन ते धुतले जातात, पाकिटबंद होतात, निर्जंतुक होतात आणि खोक्यात बसतात. डाव्या पायाचा सांधा वेगळा, उजव्याचा वेगळा. हातमोज्यांसारखं असतं ते, एक म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं रूप. खोकं दोघांना एकच, पांढरं. डाव्याला निळं लेबल, उजव्याला नारिंगी. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळायचा तो तेवढ्यावरूनच.

आता लेबल छापणाऱ्या मशीनची एक खोड आहे. पुढचं लेबल ती आधीच छापून तोंडात धरून ठेवते. डाव्यांचं काम संपवून उजव्यांचं सुरू केलं, की पहिलं बाहेर येतं ते जुनंच, निळं. पॅकिंगच्या बायकांना हे पाठ होतं. काम बदललं की त्या पहिलं लेबल ओढायच्या, शेजारणीला दाखवायच्या आणि फाडून टाकायच्या. याला त्या म्हणायच्या, मशीनला चूळ भरायला लावणं. "अगं, चूळ भरली का हिनं?" ही हाक दिवसभर त्या हॉलमध्ये ऐकू यायची.

ती चूळ तुम्ही बंद केलीत. लेबलं वाया जातात म्हणून.

मग व्हायचं तेच झालं. दर बदलाला एक खोकं चुकत गेलं. ऑपरेशनच्या टेबलावर पाकीट फोडल्यावर सर्जनांच्या लक्षात यायला लागलं, लेबल डाव्याचं आणि आत उजवा. ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी चार शब्द सुनावून माल परत पाठवला. तक्रारबाईनं ते शब्द ऐकून घेतले, नोंदवले, वर पाठवले. शेवटी बाजारातला सगळा माल परत बोलवावा लागला. टेम्पो भरभरून खोकी आली आणि पिंजऱ्यात गेली. पिंजरा म्हणजे गोदामाच्या टोकाची जाळीची खोली. संशयित माल तिथं कुलपात ठेवायचा असतो.

ज्यांच्या लक्षात आलं, त्यांचं हे झालं. ज्यांच्या लक्षातच आलं नाही, त्यांचं काय?

तक्रारबाईला हा प्रश्न कागदावर पडला नव्हता. घरात पडला होता. तिची थोरली बहीण, ताई, शिवणकाम करते. शाळांचे गणवेश, पडदे, डॉक्टरांचे कोट, जे येईल ते. धाकटीचा ऑफिसचा पहिला कोट तिनंच शिवला, आणि कोपराला उसवला की अजून टाके तीच घालते, वर टोमणा मारते, "टेबलावर कोपरं घासून घासून काय मिळवलंस, धाकटे?" वर्षानुवर्षं उभं राहून कापड बेतल्यानं ताईचा डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. जखम भरली, टाके निघाले, पण चालताना डावं पाऊल बाहेर फेकलं जायला लागलं. जणू ते पाऊल दुसऱ्याच रस्त्यानं निघालंय आणि ताई त्याला ओढून आणतेय. रात्ररात्र ठणका.

हॉस्पिटलच्या फायलीत खोक्यावरचं लेबल चिकटवलेलं होतं. निळं. परत बोलावलेल्या मालातलं.

सर्जनबाई सरळ बोलल्या. "एक्स-रे बघून मलाही शंका येते. पण नुसत्या शंकेवर बसवलेला सांधा मी उपटू शकत नाही. तुमच्या कंपनीकडून एक ओळ आणा, की आतला भाग चुकीचा असू शकतो. मी लगेच उघडते."

एक ओळ. एवढंच हवं होतं.

तक्रारबाई मोठ्या साहेबांकडे गेली. गुणवत्ता विभाग त्यांचा.

"समिती बसणार आहे," साहेब म्हणाले.

"कधी?"

"बसली की."

"सर, माझी सख्खी बहीण आहे ती. तिला उभं राहवत नाही."

"म्हणूनच तुम्ही यात न पडलेलं बरं. उद्या कुणी म्हणेल, घरचं प्रकरण आहे." आणि ते कॉम्प्युटरकडे वळले.

तिनं दातओठ खाल्ले आणि खाली येऊन पिंजऱ्याकडे गेली. पिंजऱ्याचं कुलूप सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे कुलूपकाका म्हणतात. तिला पुरावा हवा होता, कुणाला नाकारता येणार नाही असा. दोघांनी मिळून परत आलेलं एक खोकं उघडलं. लेबल निळं, आत उजवा सांधा. चकचकीत, थंड, हातात घेतला की अपेक्षेपेक्षा जड. तिनं फोटो काढले. मग पोलादी सुईनं सांध्याच्या आतल्या बाजूला बरोबरची खूण ओरखडली. आखूड दांडी डावीकडे, लांब दांडी उजवीकडे, शाळेत गृहपाठावर करतात तशी.

काका हसले. "चुकीच्या मालावर बरोबरची खूण?"

"ओळख पटायला, काका. उद्या कुणी बदललं तर?"

"कुलूप माझं आहे, बाई."

"तुमच्यावर नाही हो शंका."

"मग कुणावर?"

तिनं नुसतं वर छताकडे बघितलं. काकांनी पण बघितलं. खोकं पुन्हा बंद झालं, सील लागलं, सीलवर दोघांच्या सह्या झाल्या.

त्याच आठवड्यात तुमचं वाक्य आलं. "तपासणीअंती लेबल ग्राह्य धरावे. आतील वस्तू लेबलाप्रमाणेच आहे असे समजावे."

तपासणी कुणी केली, कधी केली, एक तरी खोकं उघडलं का? काही नाही. माल पुन्हा विकायला मोकळा. ताईची ओळ मिळायचा रस्ता बंद. तक्रारबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती साहेबांना जवळजवळ ओढतच पिंजऱ्यापाशी घेऊन आली. "एक खोकं बघा. एकच बघा. मग म्हणा समजा म्हणून."

काकांनी कुलूप काढलं. सील जागेवर होतं, सह्या जागेवर होत्या. तिनं स्वतः सील फोडलं.

आत डावा सांधा होता.

साहेब म्हणाले, "मग?"

तिनं सांधा उचलला, ट्यूबलाइटखाली धरला. खूण होती. तिच्याच हातची, शेवटी सुई घसरून आलेला बारीक ओरखडा पण होता. फक्त लांब दांडी आता डावीकडे गेली होती. खूण उलटी झाली होती.

"तुम्हीच उलटी काढली असेल," साहेब म्हणाले.

काकांनी खोक्यातलं माहितीपत्रक उलगडलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. अक्षरं वाचता येईनात. त्यांनी पत्रक फिरवलं, छपाईची बाजू दिव्याकडे केली आणि मागच्या बाजूनं, कागदातून वाचायला सुरुवात केली. असं मात्र सगळं नीट वाचता येत होतं.

"छापखान्याचा घोळ," साहेब म्हणाले. "पत्रकं बदलून घेऊ." आणि गेले.

काकांनी पत्रकाची घडी घालून ते खोक्यात ठेवलं. मग हळूच म्हणाले, "खोक्यात जे जे होतं, ते सगळंच फिरलंय, बाई. बाहेरचं तेवढं तसंच."

दुपारी भाऊजींचा फोन आला. ताईचा नवरा म्हणजे एरवी फोनवर 'हं' आणि 'बरं' याच्या पलीकडे न जाणारा माणूस. "जरा येऊन जा. तिचं काहीतरी... फोनवर सांगितलं तर मलाच वेड्यात काढशील."

ती गेली. ताई बेतायच्या टेबलापाशी उभी होती. समोर करडं कापड पसरलेलं, आणि कात्री कापडाला नुसती चावत होती. कापत नव्हती. कापड पात्यांमध्ये दुमडत होतं, धागे ओढले जात होते.

"कात्रीची धार गेली गं," ताई वैतागून म्हणाली. "त्या धारवाल्यानं फसवलं मला."

"ताई, डाव्या हातात का धरलीस?"

"डोळे फुटले का तुझे? उजवाच आहे हा." तिनं कात्रीचा हात वर केला. डावा हात. "आणि तुम्ही दोघांनी मिळून घर उलटं लावलंय का? बाथरूमला जायला निघावं तर कपाट आडवं येतं. नळ उघडावा तर भलताच सुटतो. पेपर हातात घेतला तर एक अक्षर लागेना. सकाळपासून चार वेळा डोकं आपटलं."

तिनं तोंड धाकटीकडे वळवलं. ताईच्या डाव्या गालावर तीळ होता. लहानपणापासून होता. आता तो उजव्या गालावर होता. भांग दुसऱ्या बाजूला. तुटलेला दात दुसऱ्या बाजूला. लग्नातला फोटो छापताना उलटा पडावा, तसं सगळं तोंड.

"गुडघा कसा आहे?" तक्रारबाईनं कसंबसं विचारलं.

"तसाच. ठणकतोय मेला." ताईनं साडी वर घेतली आणि गुडघ्यावर थोपटलं. "हा बघ, डावा."

लांब, गुलाबी व्रण उजव्या गुडघ्यावर होता. डावा गुडघा कोरा होता.

ती चालून दाखवायला लागली. पाऊल अजूनही बाहेर फेकलं जात होतं. फक्त आता उजवं. काहीही बरं झालं नव्हतं. जे चुकलं होतं ते जसंच्या तसं उचलून पलीकडच्या बाजूला ठेवलं होतं.

निघताना ताईनं तिला जवळ घेतलं. कापडाचा, खडूचा, मशीनच्या तेलाचा वास. छातीला छाती लागली आणि ताईच्या काळजाचे ठोके तिला भलत्याच बाजूला लागले.

भाऊजी दारापर्यंत आले. "झोपली ती तशीच, तिच्याच जागेवर. सकाळी उठली ती अशी," ते कुजबुजले. "तुमच्या त्या खोक्यांशी याचा काही संबंध आहे का?"

तिला खोक्यातलं पत्रक आठवलं. बसवलेला सांधा एकटा फिरू शकत नाही. ज्यात बसवलाय, ते सगळं घेऊनच फिरावं लागतं. हा विचार तिला इतका वेडगळ वाटला की ती स्वतःवरच चिडली. पण साहेबांकडे गेली तेव्हा ती दुसरं काही सांगूच शकली नाही.

साहेबांनी ताईच्या तक्रारीची फाइल उघडली, हॉस्पिटलनं पाठवलेलं निळं लेबल लावलेली. "ऑपरेशन डाव्या पायाचं. तुम्ही म्हणता, डाव्या पायात सांधा नाही. मग तक्रार कशाची?"

"उजव्यात आहे."

"उजव्यासाठी आम्ही दिलाच नव्हता."

"सर, तिला गुडघा दुखतोय. कुठला का असेना. तो उघडू द्या. एक ओळ द्या मला."

"ओळ कशाला? लेबलच दुरुस्त करू की. फायलीत निळं आहे तिथं नारिंगी लावू." त्यांना स्वतःचीच कल्पना आवडली. ते उठले. "चला, तुमच्या लाडक्या खोक्यावरच करून दाखवतो."

पिंजऱ्यात त्यांनी स्वतःच्या हातानं निळ्यावर नारिंगी लेबल दाबून बसवलं, आणि काकांना म्हणाले, "उघडा."

आत उजवा सांधा होता. पत्रक सरळ वाचता येत होतं.

"आलं ना जागेवर?" साहेब म्हणाले. त्यांना यात काही विचित्र वाटलंच नाही. कागद जुळला की साहेबांचं सगळं जुळतं.

तक्रारबाईनं सांधा दिव्याखाली धरला. फिरवला. पुन्हा फिरवला. बोट फिरवून बघितलं.

खूण नव्हती. सुलटी नाही, उलटी नाही. धातू गुळगुळीत होता.

"हा तो नाही," ती म्हणाली.

"तसाच तर आहे."

"तसाच आहे. तो नाही."

काकांनी विचारलं, "मग जुना कुठं गेला, साहेब?"

"कुलूप तुमचं आहे. तुम्ही सांगा."

तक्रारबाई त्यांच्या वाटेत उभी राहिली. "सर, ताईच्या फायलीला हात लावू नका. आहे तशी राहू दे. उलटी तर उलटी. हात जोडते."

"आता ते माझ्या हातात नाही. इकडे येतानाच फाइल समितीकडे पाठवलीय."

ती जिन्यानं वर धावली, लिफ्टची वाट न बघता. काचेच्या दाराबाहेर बसलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, आत मीटिंग आहे." तिनं काचेतून बघितलं. तुम्ही बसला होतात. टेबलावर ताईची फाइल उघडी होती, आणि तुमच्यातल्या एकाच्या बोटाला नारिंगी लेबल चिकटलं होतं. तिनं काचेवर थाप मारली. तुमच्यातल्या एकानं मान वर केली. हातानं खूण केली, थांबा म्हणून.

आणि दुसऱ्या हातानं लेबल दाबलं.

ताईच्या घरापर्यंतचा रस्ता तिला आठवत नाही. दार ताईनंच उघडलं.

तीळ डाव्या गालावर होता.

भांग जागेवर. कात्री उजव्या हातात. टेबलावर करड्या कापडाचे तुकडे सरळ, स्वच्छ कापून रचलेले. ताई वळून आत गेली, ताठ, न लंगडता. भाऊजी हसत होते, डोळे पुसत होते. "बघ, झाली की नाही बरी?"

"गुडघा दाखव, ताई."

दोन्ही गुडघे कोरे होते.

"ऑपरेशनचा व्रण?"

"कसलं ऑपरेशन?" ताई म्हणाली. "काय बोलतेस, धाकटे?"

आवाज तोच. म्हणजे, तसाच.

तक्रारबाईनं तिचा उजवा हात हातात घेतला. कात्रीच्या कडीनं वर्षानुवर्षं दाबून अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडलेला होता, बोराच्या बीसारखा टणक. लहानपणी ताप आला की तो घट्टा कपाळाला लागायचा, त्यावरून कळायचं की ताई आली.

अंगठा मऊ होता. पाकिटातून आत्ताच काढल्यासारखा.

त्यानंतर तुमचं पत्र आलं. संबंधित महिलेवर कोणतीही शस्त्रक्रिया झालेली नसल्यानं तक्रार बंद करण्यात येत आहे. भाऊजी म्हणतात, बरी आहे ना, मग कशाला उकरतेस. साहेब म्हणतात, सगळी खोकी बरोबर आहेत. पिंजऱ्याची किल्ली तुम्ही वर मागवून घेतलीत.

कुलूपकाका आता नुसतेच जाळीबाहेर खुर्ची टाकून बसतात. ताईच्या घरातलं त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. परवा त्यांनी तक्रारबाईला थांबवलं.

"बाई, खोक्यांच्या मागून आवाज येतो."

"कसला?"

काकांनी दोन बोटं उघडझाप करून दाखवली. "कुणीतरी कापड कापतंय. पण कात्रीला धार नाही. नुसतं चावल्यासारखं. मध्येच थांबतं, परत सुरू होतं."

ती जाळीला कान लावून उभी राहिली. तिलाही ऐकू आलं. मग पावलं ऐकू आली. एक सरळ पडणारं आणि एक फरफटत बाहेर फेकलं जाणारं.

तिनं हाक मारली. आवाज थांबला.

किल्ली तुमच्याकडे आहे. मीटिंग संपली असेल तर खाली या. पिंजरा उघडा. आणि उघडणार नसाल तर लेखी सांगा, सही करून सांगा: माझ्या ताईच्या घरी तुम्ही कुणाला पाठवलंत, आणि माझी ताई कुठल्या लेबलाखाली ठेवलीत?